हिरामण झोपाळ्यावर बसत नाही

पडदा वर जातो तेव्हा रंगमंचावर फक्त दोन पाय दिसतात.

सोनिवलीतल्या आमच्या बिल्डिंगचा मागचा लोखंडी जिना. सकाळची कोवळी उन्हं, कठड्यावर कुणीतरी वाळत टाकलेला टॉवेल, बाजूला झाडूवाल्या बाईंची बादली. आणि सगळ्यात खालच्या पायरीच्या आतून बाहेर आलेले, निळ्या स्लिपरांतले दोन पाय. पाय हलत नाहीत. नवीन राहायला आलेली एक बाई दुधाची पिशवी घेऊन येते, पाय बघते आणि किंकाळी फोडते. मग जिन्याखालून आवाज येतो.

"ओरडू नका ताई. जिता हाय मी. जोड बघतोय."

हा आमच्या हिरामणचा प्रवेश. मी उभा जन्म नाटकात काढला. प्रवेशाला टाळी मिळावी म्हणून विंगेत देव पाण्यात ठेवणारे नट मी पुष्कळ पाहिले. पण नुसत्या पावलांवर किंकाळी घेणारा हा एकटाच.

हिरामण मूळचा इथलाच, सोनिवलीचा. आज आमच्या गाड्या जिथे उभ्या राहतात तिथे त्याच्या आजोबांची भाताची खाचरं होती. शेतं गेली, बिल्डिंगा आल्या, त्यातल्याच एका, म्हणजे आमच्या बिल्डिंगीत हा पहिल्या मजल्यावर राहायला आला. तरुणपणी तो अंबरनाथच्या एमआयडीसीत टाक्या बनवणाऱ्या एका कारखान्यात लागला. सगळी पोरं वेल्डिंग शिकायला धडपडत होती. ठिणग्या उडायच्या, रुबाब असायचा. हिरामणला मात्र काम संपल्यावर येणारा माणूस आवडला. तो माणूस यायचा, काही न बोलता भिंगातून बघायचा, मान हलवायचा आणि निघून जायचा. तो गेल्यावर सगळा कारखाना एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसायचा. हिरामणने ठरवलं की आपण हा माणूस व्हायचं. परीक्षा दिल्या, नापास झाला, पुन्हा दिल्या आणि झाला. आज तो वेल्डिंगचा तपासनीस आहे. केमिकल कंपन्यांच्या टाक्या, पाइप, बॉयलर यांचे सांधे तो तपासतो. कुठे गंज धरला, कुठे तडा आहे, टाकी अजून किती दिवस तग धरेल, हे तो सांगतो. कामात चोख आहे म्हणतात. मला त्यातलं काय कळणार? पण कारखान्याचं फाटक ओलांडून बाहेर आला तरी तो थांबत नाही, हे मात्र मला चांगलं कळतं.

कारण हिरामणच्या लेखी सगळं जग हे वेल्डिंगचे जोड आणि त्यांच्या मधली रिकामी जागा एवढंच आहे. सलूनमध्ये खुर्चीच्या पायाचा जोड बघितल्याशिवाय तो दाढीला बसत नाही. लग्नात कमानीखालून जायचं तर आधी कमानीला टिचकी मारून कान लावतो. एकदा तर स्मशानात गेला होता. लोक रडत होते आणि हा सरण रचायच्या लोखंडी चौकटीला टिचक्या मारत होता. शेवटी जवळच्या माणसाच्या कानात म्हणाला, "डावीकडचा जोड गेलाय. आजचं निभेल. पुढच्या माणसाला सांभाळून ठेवा." जवळचा माणूस मयताचा थोरला भाऊ होता. पुढचा नंबर आपलाच असं तो आधीच धरून चालला होता. त्याला घरी आणताना चौघांना धरावं लागलं.

त्याचं सामान ठरलेलं. एक टॉर्च, दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा लांब दांड्याचा आरसा, एक भिंग, एक चिमुकली हातोडी. आणि तीन फवाऱ्यांचे डबे. हे डबे मला त्याने एकदा जिन्यावर बसून समजावून सांगितले होते.

"मावशी, पहिल्या डब्यानं जोड साफ करायचा. तेल नको, धूळ नको, काय नको. मंग दुसरा डबा, लाल रंग. मारायचा आणि थांबायचं. तडा असंल तर रंग आत शिरतो. मंग वरचा सगळा पुसून काढायचा आणि तिसरा डबा, पांढरा. पांढरा मारला का आत लपून बसलेला लाल रंग बाहेर येतो. जिथं तडा तिथं लाल रेघ."

"म्हणजे मेकअप केल्यावर खरा चेहरा बाहेर येतो," मी म्हटलं.

"तसंच. तुमच्या धंद्यात उलटं व्हायचं," तो म्हणाला.

त्याचा एक लाडका सिद्धांत होता. कुणी ऐको न ऐको, तो सांगायचा. स्टीलचे दोन तुकडे सांधले की जोड स्वतः सहसा पक्का असतो. पण सांधताना जी आग लागते, तिने शेजारचा पट्टा तापून तापून बिघडतो. स्टेनलेसचा तर गंज न लागण्याचा गुणच तिथे कमी होतो. म्हणून गंज पुष्कळदा जोडाला धरत नाही, जोडाच्या शेजारी धरतो. "लग्नासारखंच हाय," तो म्हणायचा. "नवरा-नवरी चिकटून खूश. धुमसतात ती बाजूची मानसं."

हे ऐकून त्याची बायको किर्ती आतून विचारायची, "बाजूची मानसं म्हणजे माझे भाऊ का?"

"मी स्टीलचं बोलतोय."

"तुम्ही नेहमी स्टीलचंच बोलता."

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं तिच्याकडे येते.

हिरामणला एकच मुलगी, तेजल. बदलापूरला एका ऑफिसात नोकरी करते, चटपटीत आहे, हसली की सगळा जिना हसतो. तिची दोन स्थळं हिरामणच्या तपासणीने गेली होती. पहिलं अंबरनाथचं. कांदेपोहे चालू असताना हा गॅलरीत गेला आणि ग्रिल किती घट्ट आहे ते हलवून बघायला लागला. ग्रिल घट्टच होतं, पण ग्रिलवर ठेवलेली तुळशीची कुंडी घट्ट नव्हती. ती खाली मुलाच्या मामाच्या नव्या गाडीवर पडली. दुसरं स्थळ खरवईचं. तिथे त्याने गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा स्टँड बघितला आणि टाकी ताबडतोब रिकामी करायला लावली. सगळ्या बिल्डिंगीचं पाणी गेलं. त्याच दिवशी मुलाच्या बहिणीच्या बाळाचं बारसं होतं, घरात शंभर पाहुणे होते. स्टँड खरोखर गंजलेला होता की नाही, हे बघायला कुणी वर गेलंच नाही. पाहुणे हात धुवायला कुठे गेले, हेसुद्धा मी विचारलं नाही.

तिसऱ्या वेळी तेजलने स्थळ आणलंच नाही, माणूसच आणला. विनीत. मूळ घर खरवईचं, पण बापाच्या बालपणापासून मुक्काम उल्हासनगरात. ऑफिसला लोखंडी रॅक करून घ्यायला तेजल त्यांच्या दुकानात गेली होती. रॅक आलं, मग विनीत रॅक नीट बसलं का ते बघायला आला, मग परत आला, मग रॅक सोडून सगळं बघायला लागला. दोघांचं जमलं. आता घरच्यांनी बसून सुपारी फोडायची, एवढंच राहिलं होतं.

आणि विनीतचे वडील शिवराम हे फॅब्रिकेटर होते. म्हणजे वेल्डिंगवाले.

तेजलने आदल्या संध्याकाळी बापाला समोर बसवलं. मीही तिथेच होते, कारण बैठकीत बोलायला घरच्यासारखं मोठं माणूस पाहिजे म्हणून हिरामणने मला आधीच सांगून ठेवलं होतं.

"पप्पा, ऐका. तो स्थळ नाहीये. मेरा विनीत है. उद्या तिथे टॉर्च नाही, आरसा नाही, हातोडी नाही. कशाला कान लावायचा नाही. वाकून बघायचं नाही."

"वाकून नमस्कार?"

"तेवढाच. आणि पप्पा, हे मोडलं ना, तर मी लग्नच करणार नाही. इथेच राहीन, तुमच्या शेजारी. रोज भांडीन."

शेवटचं बोलताना तिने पटकन डोळे पुसले. ही पोर डोळ्यांत पाणी आणणाऱ्यातली नाही. हिरामणने ते बघितलं आणि नाक ओढून म्हणाला, "नाय बघनार. वचन."

सकाळी निघताना किर्तीने दारात त्याची झडती घेतली. विमानतळावर घेतात तशी, हात वर करून. पँटच्या खिशातून टॉर्च निघाला. मोज्यातून आरसा निघाला. जाकिटाच्या आतल्या खिशातून पहिला डबा निघाला, साफ करायचा. किर्तीने तो फ्रिजवर ठेवला आणि म्हणाली, "झालं? अजून काय हाय?"

"माझं मन हाय. ते पण ठेवू का?"

आम्ही त्याच्या गाडीतून निघालो. अंबरनाथ मागे पडेपर्यंत तो शहाण्यासारखा गाडी चालवत होता. उल्हासनगरात शिरलो आणि दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं, दुकानांवर लोखंडी शेड, शेडवर पाट्या, पाट्यांना आधार द्यायला नळ्या. हिरामणचा एक डोळा रस्त्यावर आणि एक वर. तेजल मागून म्हणत होती, "पप्पा, खाली. पप्पा, समोर. पप्पा, गाय!"

दुकानाच्या वरच्या मजल्यावर शिवरामांचं घर. मोठं, हवेशीर, सगळीकडे चकचकीत स्टील. आणि दिवाणखान्याच्या मधोमध, नाटकाच्या सेटवर ठेवावा तसा, झोपाळा. छतातून खाली आलेले स्टेनलेसचे दांडे, दांड्यांना वेल्डिंग केलेल्या वेलबुट्ट्या, बसायला जाड लाकडी फळी. मला तर बघताच एका नाटकाचा दुसरा अंक आठवला, ज्यात मी झोपाळ्यावर बसून एक लांबलचक पद म्हणायची आणि खालून सहकलाकार दोरी ओढायचा. तो जेवून आलेला असला की पद हळू व्हायचं.

या झोपाळ्याची त्या घरात एक रीत होती. शेजारपाजार सगळा सिंध्यांचा, त्यांच्या घरात झोपाळ्याचा मान मोठा. शिवरामांच्या घरानेही तो मान उचलला आणि त्यात आपली भर घातली. घरात सोयरीक जमली की दोन्ही व्याही झोपाळ्यावर शेजारी शेजारी बसणार, घरातली सगळ्यात मोठी बाई पहिला झोका देणार आणि त्यानंतरच सुपारी फुटणार. सगळ्यात मोठी बाई म्हणजे शिवरामांच्या आई, बनूबाई. वाकलेल्या, बारीक, डोळे लुकलुकणारे.

"या साईं, या!" शिवराम म्हणाले. धिप्पाड माणूस, आवाज पहाडी. "बसा. हा झोपाळा मी ह्या हातांनी बनवला. माल बाहेरचा नाय, कारागीर बाहेरचा नाय. सगळा जोड माझा. आता त्याच्यावर आपण दोघं बसायचं."

ते बसले. शेजारची जागा हाताने थोपटली.

हिरामण उभा राहिला.

"बसा की."

"बसतो की," हिरामण म्हणाला आणि बसला नाही. त्याची नजर दांडा जिथे फळीच्या कडेच्या आडव्या पट्टीला जोडला होता तिथे खिळली होती. मी त्याच्या मागे उभी होते. त्याची बोटं टिचकी मारायच्या तयारीत आली होती आणि तो दुसऱ्या हाताने ती धरून ठेवत होता.

"पाहुणे, बसा ना," विनीतची आई म्हणाली.

"गुडघा धरलाय."

"मग तर बसाच."

"बसला का जास्त धरतो."

"मग पाय वर घेऊन बसा."

"पाय वर घेतला का चक्कर येते."

किर्तीने डोळ्यांनी त्याला जाळलं. तेजलने विनीतकडे बघितलं. विनीत बिचारा पोह्यांची बशी हातात धरून हसत होता, जशी नाटकात नवी पोरं पुढचं वाक्य विसरल्यावर हसतात. मी प्रसंग सावरायला म्हटलं, "आधी आजींना साडी देऊ या, मग निवांत बसू." किर्तीने कापडी पिशवी बनूबाईंच्या मांडीवर ठेवली.

बनूबाईंनी साडी बाहेर काढली, गालाला लावली, खूश झाल्या. मग पिशवीत हात घातला. साडीच्या खाली अजून काहीतरी होतं.

त्यांनी एक डबा बाहेर काढला. मग दुसरा.

हिरामणचा चेहरा मी तेव्हा पाहिला. रंगमंचावर तलवार म्यानातून निघालीच नाही की राजाचा असा चेहरा होतो.

"सेंट पण आनलाय का रं माझ्यासाठी!" बनूबाई म्हणाल्या. "बग शिवराम, व्याही किती मायाळू हाय." आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी झाकण काढलं, डबा मुलाकडे धरला आणि दाबला.

शिवरामांचा पांढराशुभ्र सदरा छातीपासून पोटापर्यंत लाल झाला.

विनीतची आई "अगं बाई, रक्त!" म्हणून ओरडली. शिवरामांनी दोन्ही हातांनी छाती दाबली, हात बघितले, हातही लाल. क्षणभर त्यांनाही वाटलं असावं की आपण गेलो. बनूबाईंनी डबा नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "वास घासलेटाचा हाय."

"ते सेंट नाय," हिरामण हळूच म्हणाला. "ते जोड तपासायचं हाय."

असा प्रसंग मी आधी फक्त एकदाच अनुभवला होता, नायकाची मिशी नायिकेच्या गालाला चिकटून राहिली होती तेव्हा.

शिवराम झोपाळ्यावरून उठले. "म्हणजे माझा जोड तपासायला आलात? माझ्या घरात? सुपारीच्या दिवशी?"

"पप्पा," तेजल म्हणाली. एवढंच.

"मी वचन पाळलंय," हिरामण म्हणाला. "डबे पिशवीत होते, मी काढले नाय. बघनार पण नव्हतो. पण व्याही, माझी पोर ह्या घरात येनार. ह्याच झोपाळ्यावर बसनार, उद्या तिची पोरं बसतील. मी दुनियेचे जोड बघतो आणि माझ्या पोरीचा बघायचा नाय?"

त्या खोलीत कुणी त्याच्या बाजूचं नव्हतं, पण हे वाक्य त्याने इतकं मनापासून म्हटलं की माझे हात टाळीसाठी आपोआप जवळ आले. मी ते पदरात लपवले.

शिवराम लालेलाल सदऱ्यात कमरेवर हात ठेवून उभे. "तपासा," ते म्हणाले. "आत्ता, सगळ्यांसमोर तपासा. जोड खोटा निघाला तर मी दुकानाला कुलूप लावतो. पण खरा निघाला, तर ज्या घरात माझ्या हातावर शंका घेतली त्या घराशी सोयरीक करायची का नाय, ते मी बघतो."

म्हणजे दोन्हीकडून तेजलचीच मान अडकली. जोड खोटा निघाला तरी लग्न गेलं, खरा निघाला तरी गेलं. पोरीच्या ते लक्षात आलं, कारण ती एकदम खाली बसली.

हिरामणने मात्र बाह्या सरसावल्या. इतका वेळ अंगात नसलेला माणूस परत अंगात आला. खिशातला रुमाल काढून त्याने जोड पुसला, लाल फवारा मारला आणि म्हणाला, "आता थांबायचं."

"किती?" शिवरामांनी विचारलं.

"पोहे खाऊन होईपर्यंत."

मग सगळ्यांनी पोहे खाल्ले. इतके गंभीर पोहे मी आयुष्यात खाल्ले नाहीत. कुणी लिंबू मागितलं नाही. बनूबाई तेवढ्या एकदा म्हणाल्या, "मीठ कमी हाय," आणि सगळे दचकले.

हिरामणने फडक्याने लाल रंग पुसला. मग पांढरा डबा हलवला, आतली गोळी खुळखुळली, तीच आमची तिसरी घंटा. फवारा उडाला. जोडावर खडूसारखा पांढरा थर बसला. आम्ही सगळे वाकून बघायला लागलो.

थोडा वेळ काहीच नाही. मग पांढऱ्यातून, जोडाच्या अगदी कडेने, एक लाल ठिपका उगवला. त्याच्या शेजारी दुसरा. ठिपके एकमेकांना मिळाले आणि बोटाएवढी लांब, ठसठशीत लाल रेघ तयार झाली.

"तडा," हिरामण म्हणाला.

त्याच्या आवाजात आनंद नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. त्याने लगेच तेजलकडे बघितलं आणि खांदे पाडले. शिवरामांचा धिप्पाड देह एकदम रिकाम्या पोत्यासारखा दिसायला लागला. "मी बनवलेला," ते पुटपुटले. "ह्या हातांनी." विनीतने बशी खाली ठेवली. किर्ती पिशवी आवरायला लागली. आमच्याकडे प्रयोग पडला की सेट आवरायला लागायचे, अगदी तसं.

आणि बनूबाई पुढे आल्या. वाकून, रेघेच्या अगदी जवळ नाक नेऊन त्यांनी बघितलं. बोटाने रेघ पुसली, बोट अंगठ्यावर चोळलं आणि बोट हिरामणच्या नाकाखाली धरलं.

"ह्यो माझा पिंजर हाय," त्या म्हणाल्या.

"काय?"

"पिंजर. कुंकू! दसऱ्याला मी लोखंडाला लावते. दुकानातल्या मशीनला लावते, पान्याला लावते, ह्याला पन लावते. ह्याला जास्त लावते, माझ्या लेकानं बनवलेला हाय. खोबरेल तेलात कालवून लावते, म्हंजी पडत नाय. दरसाल, हितंच, कोपऱ्यात. तुझी रेघ बिघ काय नाय, माझा दसरा हाय त्यो!"

हिरामणने बोटाचा वास घेतला. खोबरेल.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याने डोळे मिटले आणि कपाळावर हात मारला. जोडाच्या खाचेत वर्षानुवर्षांचं तेल-कुंकू बसलेलं, वरून रुमाल फिरवून ते थोडंच निघणार होतं? पांढऱ्या थराने ते शोषून बाहेर आणलं. आणि ज्या डब्याने आधी साफ करायचं तो डबा सोनिवलीला, फ्रिजवर.

"पहिला डबाच मारला नाय मी," तो म्हणाला. "पहिलाच. पोरांना शिकवतो, लाल मारायच्या आधी धुवा, धुवा, धुवा. आणि मी रुमाल फिरवला."

"तो डबा घरी ठेवलाच कोणी?" किर्ती म्हणाली, आणि स्वतःच जीभ चावली.

"म्हणजे तडा नाय?" शिवराम.

"माहीत नाय. पुन्हा बघायला पाहिजे. पण साफ करायला काय नाय."

तेव्हा तेजल उठली. तिने आपली पर्स उघडली, नखांचा रंग काढायची छोटी बाटली आणि कापूस काढला. "सरका पप्पा," ती म्हणाली. "मी लहानपणापासून बघतेय. हे आपण घरात किती वेळा केलंय."

आणि त्या पोरीने, सुपारीच्या दिवशीची जरीची साडी खोचून, भावी सासऱ्याच्या झोपाळ्याचा जोड घासायला घेतला. कापूस लाल व्हायचा, टाकायची, नवा घ्यायची. विनीत शेजारी उभा राहून कापूस पुरवायला लागला. बनूबाई सांगत होत्या, "तिकडं पन लावलेला, त्या कोपऱ्यात पन, पोरी, तिकडं पन." शेवटी कापूस पांढराच राहिला. मग तिने लाल मारला. आम्ही थांबलो. या खेपेला पोहे नव्हते, चहा झाला. पुसलं. पांढरा मारला.

आम्ही बघत राहिलो. पांढरं पांढरंच राहिलं.

हिरामणने डोळा जवळ नेला. दुसऱ्या बाजूने नेला. मग शेजारचा पट्टा बघितला, जिथे गंज धरतो म्हणून तो सगळ्यांना सांगत फिरतो. तिथेही काही नाही. तो सरळ उभा राहिला आणि शिवरामांसमोर हात जोडले.

"व्याही, असा जोड मी कंपनीत पन कमी बघितलाय. चुकी माझी. तुम्ही बोलाल ते मान्य. पोरीवर राग काढू नका."

शिवरामांनी जरा वेळ घेतला. चांगला नट घेतो तसा. मग लालेलाल सदऱ्याकडे बघितलं, सुनेच्या लाल बोटांकडे बघितलं, आणि म्हणाले, "कंपनीत पण कमी?"

"कमी."

"आईच्यान?"

"आईच्यान."

"तर मग बसा."

आणि हिरामण बसला! इतक्या तपासणीनंतर, इतक्या समाधानाने बसलेला माणूस मी पाहिला नाही. पाठ ताठ, मान वर, एक हात त्याच्या लाडक्या जोडावर. शेजारी शिवराम, त्यांचाही एक हात पलीकडच्या जोडावर. बनूबाईंनी पदर खोचला, दोन्ही तळहात फळीला लावले आणि "जय आई एकवीरे!" म्हणून झोका दिला.

झोपाळा मागे गेला. पुढे आला. पुन्हा मागे गेला. मग कडाड असा आवाज झाला आणि दोन्ही व्याही दिसेनासे झाले.

झालं असं की, जोड बघितला, जोडाची बाजू बघितली, पण मधली लाकडी फळी कुणीच बघितली नव्हती. ती आतून वाळवीने पोखरलेली. बरोबर मधोमध दुभंगली आणि दोघांना जमिनीवर सोडून मोकळी झाली. वर स्टेनलेसचे दांडे रिकामेच डुलत होते.

सगळे धावलो. शिवराम बसल्या जागी शरमेने गोरेमोरे. "चौकट माझी, फळी गावच्या जुन्या दाराची," ते म्हणाले. "बोला आता. काय बोलायचं ते बोला."

बनूबाईंनी हिरामणला हलवलं. "लागला का रं तुला?"

हिरामण पाठीवर पडल्या पडल्या वर बघत होता. वर जोड डुलत होता, अख्खा, पांढऱ्या खडूने माखलेला. त्याच्या चेहऱ्यावर असं काही तेज होतं की मला वाटलं आता हा पदच म्हणतो.

"व्याही, वर बघा," तो म्हणाला. "दोघांचं वजन, वरून झटका. केसाएवढा पन उघडला नाय. पास!"

शिवरामांनी वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ते हसायला लागले, पोट धरून, आणि तो लाल सदरा हलायला लागला. हिरामण हसायला लागला. तेजल दोघांच्या मध्ये फतकल मारून बसली आणि हसता हसता रडायला लागली, आणि विनीतने शहाणपणा करून सुपारीचं तबक तिथेच जमिनीवर आणून ठेवलं.

"फोडायची मग?" शिवरामांनी डोळे पुसत विचारलं. "का आधी ही फळी तपासताय?"

"फोडा, फोडा," हिरामण म्हणाला. "लाकडातलं मना काय कळत नाय."